मराकस बीचवरचा नो बॉल

“त्या मुलीचा हात म्हणजे गलोल होती हो, गलोल!” टिपणीस सर म्हणाले आणि आमची सगळी मंडळी खळखळून हसली.

मी हसले नाही. माझ्या हातात डबल्सचा कागद होता. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये हरभऱ्याची पातळ उसळ, वर चिंचेची चटणी आणि तिथला तो जहाल मिरचीचा सॉस. त्रिनिदादमध्ये सकाळी रस्त्याकडेला उभं राहून हे खातात. माझा घास तोंडापाशीच थांबला होता आणि सॉसचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला होता.

“मग ती काय म्हणाली, ते सांगा ना,” कुमुदवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आठवण करून दिली. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा तरी ऐकली असणार.

सरांनी घसा साफ केला आणि गावंढळ आवाज काढला. “‘सायेब, म्या न्हाई फेकत वो! म्या टाकतीया!’” पुन्हा हशा. “पण मी सोडतो की काय? तीन वेळा हात आडवा केला. नो बॉल, नो बॉल, नो बॉल! इंग्लंडला निघाली होती बाईसाहेब. गेली परत आपल्या गावाला एस्टीनं.”

“नाव काय हो तिचं?” कुणीतरी विचारलं.

“कुणास ठाऊक! असल्यांची नावं कोण लक्षात ठेवतो?”

तिचं नाव मालन शिंगटे. ती मीच.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. दोन हजार सातचा वर्ल्ड कप वेस्ट इंडिजमध्ये होता. आमच्या ह्यांचं कराडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. “तुला कुठं जायचंय ते सांग,” म्हणाले. मी म्हटलं, जिथं मॅच असेल तिथं. घरात क्रिकेटचं वेड माझं. टीव्हीसमोरून उठत नाही म्हणून सासूबाई मला बोलून बोलून दमल्या होत्या. तर पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर आम्ही निघालो. आणि आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. खेळाडू विमानात बसून घरी गेले, आमची परतीची तिकिटं मात्र पुढची होती. तिरंगे बॅगेत गेले. मंडळी दिवसभर चिडचिड करायची, दिसेल ते खायची आणि टिपणीस सरांच्या गोष्टी ऐकायची. सर निवृत्त अंपायर. सत्तरी गाठलेली, ताठ कणा, डोक्यावर पांढरी टोपी. आपला संघ का हरला, हे त्यांच्याइतकं छान कुणी सांगायचं नाही.

मी त्यांना विमानतळावरच ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नात माझं नाव बदललं. मालनची अनुराधा झाले, शिंगट्यांची जगदाळे झाले. अंगानं भरले, केस पिकले, डोळ्यांना चष्मा आला. आणि ते ‘सायेब, म्या न्हाई फेकत’ हे तर मी कधी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. पदरचं वाक्य माझ्या तोंडी घालून हा माणूस सव्वीस वर्षं लोकांना हसवत होता.

दुपारी गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात ह्यांनी विचारलं, “सकाळी खाल्लं नाहीस. काय झालं?”

मी तेव्हा ह्यांना सगळं सांगितलं. मी खेळायची हे ह्यांना माहीत होतं. का सोडलं ते मी सांगितलं नव्हतं आणि ह्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ऐकून हे तडक उठलेच.

“कुठं निघालात?”

“त्याची गचांडी धरायला.”

“बसा. त्यानं काय होणार? म्हातारा माणूस, बिचारा, दमा आहे. सगळे त्याच्याच बाजूनं बोलतील. आणि तो म्हणेल, मी नियमानं वागलो.”

“मग सोडून देणार?”

“मी असं कुठं म्हटलं?”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शेजारी दुसरीच कुणी बाई येऊन बसली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी टिपणीस सरांच्या मागे लागले. बसमध्ये त्यांच्या पुढच्या सीटवर बसायचं, मागे वळून “सर, तुमच्या वेळी कसं होतं हो?” म्हणायचं. जेवताना त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवायचं. तिथं एक रोटी मिळते, तव्यावरच लाकडी उलथन्यांनी फाडून फाडून तिचा चुरगळलेल्या कापडासारखा ढीग करतात, सोबत भोपळ्याची भाजी आणि चवळीच्या शेंगा. मी त्यांना आग्रह करकरून वाढायची. “घ्या हो सर, आणि ती गलोलवाल्या मुलीची गोष्ट सांगा ना. ह्यांनी नीट ऐकली नाही.” सर खुलायचे. सोलापूरचं एक डॉक्टर कुटुंब उशिरा येऊन आमच्यात सामील झालं, त्यांच्यासमोर मी पुन्हा सांगायला लावली. गेस्ट हाउसच्या मालकिणीला इंग्रजीतून सांगायला लावली. प्रत्येक वेळी ती मुलगी थोडी आणखी गावंढळ व्हायची, थोडी आणखी चोरटी. एकदा तर तिनं त्यांचे पायही धरले.

“आणि पुढे काय झालं हो त्या मुलीचं?” मी विचारलं.

“काय व्हायचंय? लग्नबिग्न झालं असेल. चूल फुंकत असेल कुठेतरी.”

“हो ना,” मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी घातली.

मला घाई नव्हती. जितक्या लोकांना ही गोष्ट ठाऊक होईल तितकं मला हवंच होतं.

गेस्ट हाउसची मालकीण सावित्री रामलखन. पणजोबा बिहारहून उसाच्या मळ्यावर आलेले; हिला हिंदीतले चार शब्द आणि भजनं येत होती, बाकी सगळं तिथलं सुरेल इंग्रजी. ती आणि तिच्या नात्यातल्या बायका रविवारी विंडबॉल क्रिकेट खेळायच्या. पोकळ रबरी चेंडू, पॅड नको की ग्लोव्हज नकोत. मी तिला म्हटलं, “आमच्या लोकांची तोंडं उतरली आहेत. एक मॅच लावू या का, आमची नि तुमची?”

ती टाळी वाजवून म्हणाली, “मराकस बीचवर! आधी बेक अँड शार्क खाऊ, मग तुम्हाला हरवू.”

“अंपायर आमच्याकडे आहे,” मी म्हटलं. “एकदम नावाजलेला.”

मग मी रोज गेस्ट हाउसच्या मागच्या अंगणात जायला लागले. झाडाखाली हिरवी लिंबं पडलेली असायची. ती उचलायची आणि भिंतीवर टाकायची. पहिल्या दिवशी खांदा असा दुखला की वेणी घालता येईना. हे दारात उभे राहून पाहायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक लिंबू पडलं ते बरोबर भिंतीच्या बुडाशी, यॉर्करच्या जागी. ह्यांनी हळूच विचारलं, “अनु, नक्की करायचंय ना हे?”

“तुम्ही यायचं नसेल तर येऊ नका.”

“मी येणारच. पण तो माणूस...”

“तो माणूस आनंदात आहे,” मी म्हटलं.

मराकसला जायचा रस्ता डोंगरातून, वळणावळणांचा. एका बाजूला गर्द झाडी आणि खाली एकदम निळं पाणी. किनाऱ्यावर टपऱ्यांची रांग. बेक म्हणजे भटुऱ्यासारखी तळलेली फुगीर रोटी, तिच्या पोटात शार्कचा तळलेला तुकडा, वर अननस, काकडी, कोबी आणि कोथिंबिरीच्या वासाच्या पानाची हिरवी चटणी. टिपणीस सर पहिला घास घेताच ओरडले, “अहो, ही तर आपली मोरी मासळी! कुमुद, खा. तुझ्या माहेरची मोरी!” त्यांनी दोन खाल्ले. बोटं चाटली. मीही एक अख्खा खाल्ला. इतके दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं, त्या दिवशी लागलं.

मग ओल्या वाळूवर स्टंप रोवले. आमच्यातले पुरुष, दोन-तीन बायका आणि समोर सावित्रीची टोळी. मी सरांना म्हटलं, “सर, तुम्ही बाजूला, स्क्वेअर लेगला उभे राहा. टूरचे मॅनेजर बॉलरच्या टोकाला राहतील. तुमच्यासारखी नजर बाजूलाच हवी.”

“वा! वहिनींना खेळ कळतो,” सर म्हणाले आणि टोपी नीट करून ऐटीत जाऊन उभे राहिले. कुमुदवहिनी त्यांच्यामागेच छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या.

सावित्रीची भावजय बॅटिंग करत होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि बॉल मागितला. मंडळींनी शिट्ट्या मारल्या. जगदाळे वहिनी बॉलिंग करणार!

पहिला बॉल वाइड गेला. सगळे हसले. मी परत मागे गेले. वाळूत पाय रुतत होते. धावत आले, आणि या वेळी शरीराला सगळं आठवलं. उडी, खांद्याचं वळण, हात. बॉल पडून आत आला आणि तिच्या बॅटला चाटून गेला.

“नो बॉल!”

टिपणीस सरांचा हात आडवा होता. ते हसत होते. “अहो वहिनी, तुम्हीसुद्धा? ही गलोल तुमच्या हातात कुठून आली?”

लोक पोट धरून हसायला लागले. ती गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. मीच पाठ करून घेतली होती.

मी पुन्हा टाकला.

“नो बॉल!” आता आवाजात हसू नव्हतं, सवय होती. “वहिनी, गंमत पुरे. हात सरळ ठेवून टाका.”

मी बॉल वाळूत टाकला आणि त्यांच्याकडे चालत गेले.

“सर, हात सरळ होत नाही.”

“म्हणजे?”

मी उजवा हात त्यांच्यासमोर धरला. “एका हातानं दंड धरा, दुसऱ्यानं मनगट. आणि करा सरळ.”

ते इकडेतिकडे पाहून हसले. “अहो, असं काय...”

“करा.”

त्यांनी धरला. दोन बोटांनी, जपून. मी डावा हात त्यांच्या हातावर दाबला. “जोर लावा. आणखी. मी ओरडणार नाही.”

त्यांनी जोर लावला. कोपर जिथं होतं तिथंच राहिलं. सोलापूरचे डॉक्टर पुढे आले, त्यांनी हात चाचपला आणि म्हणाले, “हाड वाकडं जुळलंय. हा हात आयुष्यात सरळ होणार नाही.”

“मग नो बॉल कसा, सर?” मी विचारलं. मंडळी जमा झाली होती, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “कोपर वाकलेलं असणं हा गुन्हा नाही. वाकलेलं कोपर टाकताना सरळ झालं तर ते फेकणं. माझं सरळच होत नाही, तर मी फेकणार कशी? आठ वर्षांची असताना बैलगाडीतून पडले, तेव्हापासून हा असाच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी त्या पुण्याच्या मैदानावरही असाच होता.”

माझ्या कोपरावरची त्यांची बोटं ढिली झाली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. विमानतळापासून पहिल्यांदाच पाहिलं.

“शिंगटे,” ते म्हणाले. “मालन शिंगटे.”

छत्रीखालून कुमुदवहिनी उठल्या. “तुम्हाला नाव आठवतंय?”

सरांनी टोपी काढून हातात घेतली.

“इतकी वर्षं म्हणत होतात, नाव कोण लक्षात ठेवतो. आठवतंय तुम्हाला?”

“कुमुद, तू बस.”

“नाही बसत. हिचा हात असा आहे हे तेव्हा कळलं नव्हतं ना तुम्हाला? एवढंच सांगा.”

त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते. लोकांनी त्यांना पाणी दिलं असतं, खुर्ची दिली असती. पण बायको समोर उभी होती, आणि बहुधा तिच्याशी त्यांना खोटं बोलता येत नसावं.

“हिच्या कॅप्टननं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “टॉसच्या आधी.”

“मग?”

“त्या दिवशी तंबूत निरीक्षक बसले होते. वरच्या पॅनेलसाठी माझी पाहणी होती. बायकांच्या मॅचमध्ये अंपायरकडे कुणाचं लक्ष जावं असं काही घडत नाही. मला वाटलं...”

काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सावित्री धावत आली, काय झालं म्हणून. मी इंग्रजीत म्हटलं, “काही नाही. अंपायरना एक नियम समजावत होते.” मग सरांकडे वळले. “माझी ओव्हर राहिली आहे. जागेवर उभे राहा.”

“वहिनी, मला बसू द्या.”

“उभे राहा.”

ते उभे राहिले. पुढचा बॉल मी अगदी मनापासून टाकला आणि सावित्रीच्या भावजयीनं तो उचलून थेट समुद्रात मारला. मॅनेजरनी दोन्ही हात वर केले. आमच्याकडचं कुणी हसलं नाही. मला मात्र तो षटकार फार आवडला. बॉल कायदेशीर होता म्हणून तर सहा धावा मिळाल्या.

परतीच्या बसमध्ये हे माझ्या कानाशी म्हणाले, “झालं ना आता? पुरे.”

“नाही,” मी म्हटलं आणि उठले. मॅनेजरकडचा माईक घेतला आणि टिपणीस सरांच्या हातात दिला.

“सर, ती गोष्ट सांगा. या वेळी पूर्ण.”

“आता काय राहिलंय?” ते पुटपुटले.

“सगळ्यांनी तुमच्या तोंडून ती मुलगी काय म्हणाली ते ऐकलंय. खरं काय म्हणाली ते सांगा.”

त्यांच्या श्वासाची घरघर अख्ख्या बसला ऐकू येत होती. “ती काही बोलली नाही,” ते म्हणाले. “बॉल माझ्या हातात दिला आणि गेली.”

“पाय धरले होते?”

“नाही.”

“आणखी काय राहिलं?”

“तिचं काही चुकलं नव्हतं.” एवढं म्हणून त्यांनी माईक खाली ठेवला. कुमुदवहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या.

मी माझ्या जागेवर येऊन बसले. ह्यांनी माझा हात हातात घेतला, तोच वाकडा. आणि मग मी ह्यांना ते सांगितलं जे व्हरांड्यातही सांगितलं नव्हतं.

त्या मॅचला माझे दादा, म्हणजे वडील, कराडहून रजा काढून आले होते. झाडाखाली बसून होते. माझं हाड मोडलं तेव्हा हाडवैद्याकडे मला पाठुंगळीला मारून नेलं ते दादांनी. वर्षभर तेल लावून ते कोपर चोळलं ते दादांनी. हा हात सरळ होत नाही हे जगात सगळ्यात जास्त कुणाला माहीत असेल तर त्यांना. आणि एस्टीत, सातारा मागे पडल्यावर, खिडकीकडे बघत त्यांनी मला विचारलं, “मालन, तू फेकत होतीस का गं?”

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, “पांढऱ्या कोटातला माणूस तीन-तीनदा खोटं कशाला बोलंल?”

त्यानंतर दादा माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलले नाहीत. घाईनं स्थळ बघितलं. मुलीचं नाव बदलायचं का, असं ह्यांच्या घरच्यांनी विचारल्यावर तेच आधी म्हणाले, बदला, बदला. आपल्या लेकीनं लबाडी केली असं मनात धरूनच ते गेले.

बस डोंगर उतरत होती. ह्यांनी माझा हात गेस्ट हाउस येईपर्यंत सोडला नाही.

उरलेले दिवस टिपणीस वेगळ्या टेबलावर जेवले. कधी एकटे, कधी कुमुदवहिनी शेजारी गप्प बसलेल्या. निघताना विमानतळावर वहिनी माझ्याजवळ आल्या.

“तुमचं बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “मी इतकी वर्षं त्या गोष्टीला हसले, त्याची मला लाज वाटते. पण खरं सांगू? मला तुमचाही राग येतोय. तुम्ही कराडला जाल. मला यांच्याबरोबर घरी जायचंय.”

“माझे दादा माझ्याबरोबर घरी आले होते,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तीन-चार वर्षांनी त्यांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी टूर कंपनीकडून मिळवला होता. टिपणीस गेले होते, झोपेतच. “तुम्हाला कळवावंसं वाटलं,” म्हणाल्या. मी विचारपूस केली. मुलगा कुठं असतो, तुमची तब्येत कशी आहे. मग त्यांनीच विषय काढला.

“ती गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही.”

“दुसऱ्या सांगत असतील.”

“नाही. कुठलीच नाही. लोक यायचे, आग्रह करायचे. हे उठून आत जायचे. मॅच लावली तरी आत जायचे.”

मी म्हटलं, “काळजी घ्या,” आणि फोन ठेवला.

पलंगाच्या कडेवर बसून राहिले. माणूस गेला होता, शेवटची वर्षं मुका होऊन गेला होता, आणि ते मी केलं होतं. आता वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. हे आत आले, कुणाचा फोन होता म्हणाले, मी सांगितलं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, तेही वाटच बघत होते.

मग मी उठले, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि ह्यांना विचारलं, “आज मासे आणता का?”